‘क्रास’ कधी म्हणायचं आणि कधी गिळायचं: जर्मनीत नव्याने आलेल्यांसाठी

पुण्यात माक्स म्युलर भवनात, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा घराजवळच्या एखाद्या क्लासमध्ये बी-१, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत जर्मन करून आलेल्यांना इथे व्याकरण फारसं नडत नाही. नडतात ते बारके शब्द. पुस्तकाने ‘छान, मस्त’ या अर्थी ‘टोल’, ‘झूपर’, ‘प्रीमा’ शिकवलेलं असतं. प्रत्यक्षात विद्यापीठाच्या मेन्झात, म्हणजे खानावळीत, ट्राममध्ये, सामायिक घराच्या स्वयंपाकघरात दिवसभर कानावर पडतो तो ‘क्रास’. कुणाला नोकरी लागली, क्रास. कुणाची गेली, तरी क्रास. घरभाडं ऐकून क्रास, आणि तुमच्या ताईच्या लग्नाचे फोटो बघूनही क्रास.

नवा माणूस गोंधळतो तो इथेच. हा शब्द कौतुकाचा की तक्रारीचा? खरं सांगायचं तर दोन्ही नाही. ‘क्रास’ फक्त एवढंच सांगतो की गोष्ट नेहमीच्या पातळीच्या बाहेरची आहे. वर गेली की खाली, ते आवाज, चेहरा आणि पुढचं वाक्य सांगतं. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढच्या पायऱ्या सोप्या आहेत. त्या क्रमानेच घ्या. बरीच मंडळी पहिल्या दोन गाळून थेट बोलायला लागतात आणि मग समोरच्याच्या भुवया वर का गेल्या ते त्यांना कळत नाही.

पायरी १: इंग्रजी बाजूला ठेवा

रोमन लिपीत हा शब्द के-आर-ए-एस-एस असा लिहितात. इंग्रजीत सी ने सुरू होणारा जवळजवळ असाच शब्द आहे आणि त्याचा अर्थ असभ्य, गावंढळ, कसलीच चाड नसलेला. आपलं शिक्षण इंग्रजीतून झालेलं, त्यामुळे मेंदू आपसूक तिकडे धावतो. रूममेटने तुमच्या हळदीच्या फोटोंना ‘क्रास’ म्हटलं आणि तुम्ही मनातून दुखावलात, तर चूक त्या इंग्रजी शब्दाची.

दोघांचं मूळ एकच. लॅटिनमध्ये ‘क्रासुस’ म्हणजे जाड, भरड. प्राचीन रोममधला गडगंज श्रीमंत मार्कुस लिसिनिउस क्रासुस, त्याच्या नावातला क्रासुस तो हाच. भरड या अर्थावरून इंग्रजी ‘असंस्कृत’कडे वळली आणि जर्मन ‘ठळक, ढळढळीत, टोकाचं’ याकडे. जर्मनमध्ये तो अठराव्या शतकात स्थिरावला. तेव्हाही तो विद्यार्थ्यांच्या तोंडी होता, ही गंमत मला फार आवडते. विद्यार्थी संघटनांमध्ये पहिल्या सत्रातल्या नवख्याला ‘क्रासर फुक्स’ म्हणत. फुक्स म्हणजे कोल्हा. त्यामुळे ‘हल्लीच्या पोरांचा शब्द’ असं कुणी नाक मुरडून म्हणालं तर मनातल्या मनात हसायला हरकत नाही.

मराठीत याच्या सगळ्यात जवळ जाणारा शब्द म्हणजे ‘भयंकर’. भयंकर अपघात, भयंकर महाग, आणि ‘मला ते नाटक भयंकर आवडलं’. आपण तिन्ही वाक्यं न अडखळता बोलतो. तेच कौशल्य इथे वापरायचं. कॉलेजातल्या पोरांचा ‘खतरनाक’ही चालेल.

पायरी २: तोंडात बसवा

‘क्रा’मधला आ आखूड. मराठीत आपण ‘रास’ म्हणतो तसा ओढायचा नाही, पटकन तोडायचा. मागचा स टोकदार. आणि र जिभेच्या टोकाने नाही, घशातून. गुळण्या करताना जिथे खरखर होते ना, साधारण तिथून. हा र जमला नाही तरी बिघडत नाही. दक्षिण जर्मनीत जिभेच्या टोकाचा र काढणारी गावंच्या गावं आहेत. पण आ लांबला की शब्द परका वाटतो.

आ आखूड आहे हे स्पेलिंगच सांगतं. पूर्वी या शब्दाच्या शेवटी दोन एस नव्हते, ‘एसत्सेट’ नावाचं ते बी सारखं दिसणारं जर्मन अक्षर होतं. १९९६ साली शुद्धलेखनाच्या सुधारणेवर सह्या झाल्या, १ ऑगस्ट १९९८ पासून ती लागू झाली, आणि नियम ठरला की आखूड स्वरानंतर दोन एस आणि दीर्घ स्वरानंतर एसत्सेट. म्हणून ‘श्ट्रासे’, म्हणजे रस्ता, याच्यात ते अक्षर अजून आहे आणि क्रासमधून गेलं. जुन्या पुस्तकात वेगळं स्पेलिंग दिसलं तर शब्द तोच.

पायरी ३: पहिले काही आठवडे फक्त ऐका

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात उपयोगाची. क्रास ऐकला की अर्थ शोधू नका, सूर टिपा. ढोबळमानाने असे तीन सूर कानावर पडतील.

पहिला लांबवलेला, वर चढणारा: ‘क्राऽऽस!’ डोळे मोठे. मघाशी आखूड म्हटलेला आ इथे मुद्दाम ताणलेला असतो. ही दाद आहे. तुम्ही सांगितलंत की शनिवारी सायकलवरून हायडेलबर्गला जाऊन आलो, तर हा सूर येईल.

दुसरा आखूड, खाली पडणारा, मान किंचित हलवत: ‘क्रास.’ हा धक्का किंवा नापसंती. घरमालकाने अनामत रकमेतून भिंत रंगवण्याचे सहाशे युरो कापले असं सांगितलं की हा ऐकू येईल. याच्या आधी पुष्कळदा एक ‘बोआ’ किंवा ‘ओके’ येतो.

तिसरा सपाट, फोनवरून नजर न उचलता. त्याचा अर्थ ‘हं’. तुमची गोष्ट लांबली आहे, आवरती घ्या. याला फार मनावर घेऊ नका, पण ओळखायला मात्र शिका.

जेवणाच्या टेबलावर याची उत्तम परीक्षा होते. समजा तुम्ही सहकाऱ्याला घरी बोलावलंय, भाकरी थापलीय आणि हौसेने बाजूला मिरचीचा ठेचा वाढलाय. त्याने बोटभर तोंडात टाकला आणि म्हणाला, ‘क्रास!’ आता शब्दाकडे बघू नका, हाताकडे बघा. हात पाण्याच्या ग्लासकडे गेला तर दही पुढे करा. भाकरीचा दुसरा तुकडा मोडायला गेला तर ठेचा पुढे सरकवा. शब्द दोन्ही वेळी तोच. पुढे तो बहुधा जोडतो, ‘क्रास शार्फ’, म्हणजे भयंकर तिखट, किंवा ‘क्रास लेकर’, म्हणजे भन्नाट चविष्ट, आणि मग शंका उरत नाही. उलट तुम्ही कुणाकडे जेवायला गेलात आणि यजमानीणबाईंना नुसतं ‘दास श्मेक्ट क्रास’ म्हणालात, तर त्यांना कळणार नाही की काय समजायचं. चव काहीतरी टोकाची आहे एवढंच त्यातून पोचतं. तिथे ‘लेकर’ किंवा ‘झेअर गूट’ (फार छान) म्हणा आणि पुढचा घास घ्या.

पायरी ४: एकट्या शब्दापासून सुरुवात

बोलायला लागाल तेव्हा वाक्य बनवू नका. मित्र काही सांगतोय, त्यावर प्रतिसाद म्हणून एकटा ‘क्रास!’ टाका. आपण ‘काय सांगतोस!’ म्हणतो ना, ते काम हा शब्द चोख करतो. व्याकरणाची चूक होण्याची शक्यता शून्य. जरा सवय झाली की हे तयार तुकडे उचला:

‘इस्ट या क्रास!’ म्हणजे ‘अरे, हे तर भलतंच!’ यातला ‘या’ आश्चर्य दाखवतो. त्याचा होकाराशी संबंध नाही.

‘वी क्रास इस्ट दास देन!’ दिसायला प्रश्न, पण उत्तर कुणालाच नको असतं. आपल्या ‘हे कसलं भारी आहे!’मधल्या ‘कसलं’ इतकाच तो प्रश्न.

‘क्रास, ओडर?’ स्वतः काही सांगून झाल्यावर समोरच्याची साथ मागायला. ‘आहे की नाही कमाल?’

‘क्रास, वी श्नेल दास गिंग!’ म्हणजे ‘किती पटकन झालं हे!’ हा साचा फार कामाचा. ‘क्रास, वी’ च्या पुढे काहीही लावा: किती महाग, किती शांत, किती लवकर अंधार पडतो. नोव्हेंबरात शेवटचं वाक्य रोज लागेल.

‘दास क्रासे डारान इस्ट...’ म्हणजे ‘यातली खरी कमाल अशी की...’ गोष्ट सांगताना श्रोत्याचं लक्ष परत खेचायला. इथे क्रासे नाम झालाय, म्हणून लिहिताना पहिलं अक्षर मोठं. एरवी ते लहानच.

जोर वाढवायचा असेल तर पुढे ‘एश्ट’, ‘रिश्टिश’, ‘टोटाल’ किंवा ‘फोल’ लावतात. ‘फोल क्रास’ ऐकलं की चाळिशीच्या पुढच्या जर्मनांच्या चेहऱ्यावर हसू येतं. १९९० च्या दशकात शहरांतल्या, विशेषतः तुर्की वंशाच्या तरुणांच्या बोलीची नक्कल करणारे विनोदवीर टीव्हीवर गाजले, म्युनिकची एर्कान आणि स्टेफान ही जोडी त्यातलीच. तेव्हापासून ‘फोल क्रास, आल्टर’ या शब्दांना नकलेचा वास चिकटलाय. तुम्ही ते अगदी गंभीरपणे म्हणालात तरी लोक हसतील. ‘एश्ट क्रास’ म्हणा, सुरक्षित आहे.

त्या ‘आल्टर’बद्दलही सांगून टाकतो. अक्षरशः ‘म्हाताऱ्या’, आणि हाम्बुर्गकडून पसरलेला ‘डिगा’ म्हणजे मुळात ‘जाड्या’. मित्रामित्रांत चालणारी हाक. जवळच्या मित्राने तुम्हाला म्हटलं तर आनंद माना. तुम्ही ट्राममधल्या अनोळखी माणसाला म्हणू नका, विशेषतः तो खरोखर म्हातारा किंवा जाडा असेल तर.

पायरी ५: आता शेपट्या

विशेषण म्हणून नामाच्या आधी आला की जर्मनची ती प्रसिद्ध शेपटी लागणारच. ‘आइन क्रासर ट्यूप’ (पुल्लिंग, एकदम हटके माणूस), ‘आइने क्रासे गेशिश्टे’ (स्त्रीलिंग, भलतीच गोष्ट), ‘आइन क्रासेस आउटो’ (नपुंसकलिंग, जबरी गाडी), ‘क्रासे लॉइटे’ (अनेकवचन). हे तुम्हाला क्लासमध्ये घोटून घेतलेलंच आहे.

क्लासमध्ये कमी घोटलं जातं ते पुढचं. क्रास दुसऱ्या विशेषणाला जोर द्यायलाही वापरतात आणि तेव्हा शेपटी लागत नाही. ‘क्रास टॉयर’ म्हणजे भयंकर महाग. ‘क्रास फील’ म्हणजे प्रचंड. आता हे दोन तुकडे शेजारी ठेवून बघा:

‘आइन क्रास गूटर फिल्म’
‘आइन क्रासर, गूटर फिल्म’

पहिल्यात क्रास हा ‘चांगला’ला चिकटलाय: भयंकर चांगला चित्रपट. दुसऱ्यात दोन वेगळी विशेषणं आहेत: चित्रपट अंगावर येणारा आहे आणि चांगलाही आहे. पहिल्यात शेपटी नाही, दुसऱ्यात आहे, आणि अर्थ तेवढ्याने हलतो. हिंसाचारावरचा एखादा गंभीर माहितीपट असेल तर लोक दुसरं म्हणतील. आपणही मराठीत ‘भयंकर चांगला’ आणि ‘भयंकर, पण चांगला’ असा फरक करतोच. एकदा हे लक्षात आलं की ‘हाइस’, ‘टोटाल’, ‘रिश्टिश’ अशा शब्दांच्या बाबतीतही शेपटी कुठे लावायची याचा अंदाज यायला लागतो.

तुलना करायची तर ‘क्रासर’ आणि ‘आम क्रासेस्टन’. ‘एस व्हिर्ड इमर क्रासर’ हे वाक्य भाड्याच्या आणि किराणा मालाच्या किमतींच्या गप्पांत हमखास येतं: दिवसेंदिवस जास्तच होत चाललंय.

माणसाबद्दल बोलताना सांभाळून. ‘दू बिस्ट क्रास’ हे मैत्रीत ‘तू म्हणजे कमाल आहेस’. भांडणात ‘तुझं अतीच होतंय’. ‘एर इस्ट क्रास ड्राउफ’ म्हणजे त्याचं सध्या काही खरं नाही, तो कसल्या तरी तारेत आहे. कधी कौतुकाने, बरेचदा काळजीने. आणि कुणाच्या शरीराबद्दल, कपड्यांबद्दल, केसांबद्दल क्रास म्हणायचं तर आवाजात कौतुक ओसंडून वाहत असलं पाहिजे. नाहीतर म्हणूच नका.

पायरी ६: समोर कोण आहे?

सोपी कसोटी: ज्याला ‘दू’ म्हणता त्याच्याशी क्रास चालतो, ज्याला ‘झी’ म्हणता त्याच्याशी नको. अरे-तुरे आणि अहो-जाहो आपल्याला नवं नाही, त्यामुळे इथे आपण इंग्रजांपेक्षा एक पाऊल पुढे आहोत.

वयाचा मात्र बाऊ नको. नव्वदच्या दशकात जे वीस वर्षांचे होते ते आज पन्नाशीला आलेत आणि तेव्हाची जीभ घेऊनच आलेत. दू म्हणणारा पन्नाशीचा टीमलीडर मीटिंगमध्ये सहज ‘दास इस्ट शोन क्रास’ म्हणून जातो. खरे ताजे तरुण शब्द वेगळेच आहेत आणि ते दरवर्षी बदलतात. लांगेनशाइट ही शब्दकोशवाली प्रकाशनसंस्था २००८ पासून वर्षाचा तरुणाईचा शब्द जाहीर करते. २०२० साली ‘लॉस्ट’, २०२१ साली ‘क्रिंज’, २०२३ साली ‘गूफी’ असे बरेचसे इंग्रजीच. ते शिकायच्या मागे लागू नका. तुमच्या तोंडात बसेपर्यंत ते शिळे होतात. क्रास टिकलाय.

ऑफिसात दोन ठिकाणी तोल जातो. पहिलं, दुसऱ्याच्या कामातली चूक दाखवताना. ‘दास इस्ट क्रास फाल्श’ म्हणजे ‘हे साफ चुकलंय’. आपल्याला वाटतं, अनौपचारिक शब्द आहे, म्हणजे मऊ असेल. तो मऊ नाही, चूक मोठी करून दाखवतो. ‘दा इस्ट नॉख आइन फेलर’ (इथे अजून एक चूक राहिलीय) पुरतं. दुसरं, लेखी. ‘झेअर गेएअर्टे’ (माननीय) ने सुरू होणाऱ्या कुठल्याही पत्रात, ईमेलमध्ये, व्हिसाच्या किंवा घराच्या अर्जात क्रास नको. व्हॉट्सअॅपवर हवा तितका लिहा, चार एस लावून लिहा.

डॉक्टरकडे ‘क्रासे श्मेर्त्सन’ म्हणालात तर कळेल, पण ‘श्टार्के श्मेर्त्सन’ म्हणा आणि दुखणं शून्य ते दहामध्ये किती आहे तो आकडा सांगा. तिथे आकडा कामाला येतो. बी-१ किंवा बी-२ च्या परीक्षेतही मी तरी क्रास टाकणार नाही. मित्राला लिहायच्या पत्रात चुकीचा ठरणार नाही, पण ‘बेआइनड्रुकंट’ (छाप पाडणारं) किंवा ‘उनग्लाउब्लिश’ (अविश्वसनीय) लिहिलंत तर परीक्षकाला तुमचा शब्दसंग्रह दिसतो.

आता अगदी जपून टाळायची जागा. कुणी सांगितलं की आजी गेली, आजाराचं निदान झालं, घटस्फोट होतोय. इथे जन्माने जर्मन असलेले जवळचे मित्र हळू आवाजात ‘क्रास’ म्हणताना तुम्ही ऐकाल, आणि त्यांच्या तोंडी ते शोभतंही, कारण त्यामागे वर्षांची मैत्री आणि अचूक सूर असतो. तुम्ही अजून सूर शिकताय. मृत्यूच्या बातमीवर ‘माइन बाइलाइट’ म्हणा, बाकी दुःखावर ‘दास टूट मिअर लाइट’. साधं आहे, थोडं पुस्तकी आहे, पण कुणालाही टोचत नाही.

पायरी ७: वर्तमानपत्रातला क्रास ओळखा

गंमत अशी की हाच शब्द गंभीर वर्तमानपत्रांत, कोर्टाच्या बातम्यांत, अग्रलेखांतही येतो आणि तिथे तो अजिबात पोरकट नसतो. ‘क्रासर गेगनझाट्स’ म्हणजे ढळढळीत विरोधाभास. ‘क्रासर वीडरश्प्रुख’, उघड विसंगती. ‘क्रासे फेलएन्टशाइडुंग’, रेफरीचा धडधडीत चुकलेला निर्णय. ‘क्रास आउसगेड्रुक्ट’, म्हणजे ‘अगदी स्पष्टच सांगायचं तर’. हा जुना अर्थ आणि तो जवळजवळ नेहमी नापसंतीकडे झुकतो. ऐंशी वर्षांच्या शेजारणीच्या तोंडी क्रास आला तर तो बहुधा हा.

यातला एक शब्दप्रयोग तुम्हाला पहिल्याच मोसमात भेटेल: ‘क्रासर आउसनझायटर’. ज्याच्या जिंकण्याची सुतराम शक्यता नाही असा स्पर्धक. जर्मन फुटबॉल कपात खालच्या श्रेणीतले छोटे क्लब बुंडेसलीगा या सर्वात वरच्या श्रेणीतल्या बड्यांशी भिडतात तेव्हा समालोचकांना हा शब्द लागतोच लागतो. १ नोव्हेंबर २०२३ रोजी तिसऱ्या श्रेणीतल्या झारब्रुकनने बायर्न म्युनिकला २-१ असं हरवलं, तेही भरपाईच्या वेळेत गोल करून. सामन्याआधी झारब्रुकन जुन्या अर्थाने क्रास होता. सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये जो क्रास चालला असेल तो नव्या अर्थाचा.

पायरी ८: गाव बदललं की शब्द बदला

महाराष्ट्रातून येणारे बरेच जण बाडेन-वुर्टेंबर्ग या राज्यात उतरतात. त्याची राजधानी श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्राने या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून चर्चा आणखी वाढलीय. तिथल्या स्वाबियन बोलीत क्रासच्या जागी ‘आर्ग’ ऐकाल: ‘आर्ग गूट’, ‘आर्ग टॉयर’. प्रमाण जर्मनमध्ये आर्ग म्हणजे वाईट, त्यामुळे ‘वाईट चांगलं’ ऐकून दचकू नका. ही माणसं स्तुतीच्या बाबतीत हात आखडते. ‘ओरडले नाहीत म्हणजे पुष्कळ कौतुक केलं’ अशा अर्थाची म्हणच त्यांच्याकडे आहे. त्यांनी ‘नेट श्लेश्ट’, म्हणजे ‘वाईट नाही’, म्हटलं की पेढे वाटा.

ऑस्ट्रियातही ‘आर्ग’ चालतो आणि अगदी क्राससारखाच चालतो, एकटा, उद्गार म्हणून. छान या अर्थी व्हिएन्नात ‘लाइवांट’. स्वित्झर्लंडमध्ये सगळं ‘मेगा’. क्रास तीनही देशांत कळतो, त्यामुळे अडणार नाही.

पायरी ९: शेजारचे शब्द, पण सगळे नाहीत

‘हेफ्टिश’ क्रासचा गंभीर भाऊ, वाईट बातमीकडे झुकलेला. ‘हाम्मर’ पूर्ण कौतुकाचा.

‘गाइल’ मात्र थांबून घ्या. तरुणांत तो ‘भारी’ या अर्थी सर्रास आहे, आणि ‘गाइत्स इस्ट गाइल’, म्हणजे ‘कंजूषपणा भारी’, ही झाटुर्न या इलेक्ट्रॉनिक दुकानांच्या साखळीची जाहिरात २००० नंतरच्या वर्षांत घराघरात पोचली. पण त्याचा दुसरा अर्थ कामवासनेशी जोडलेला आहे आणि तो मेलेला नाही. वस्तूला गाइल म्हणणं चालतं. माणसाबद्दल, विशेषतः ‘इश बिन गाइल’ असं स्वतःबद्दल म्हणालात, तर तुम्ही भलतंच काही जाहीर केलंत. क्रासमध्ये असा खड्डा नाही, म्हणून नवख्याने तोच आधी शिकावा असं माझं मत आहे.

आणि वडीलधाऱ्यांसाठी ‘वानझिन’. शब्दशः वेडेपणा, पण वापर ‘कमाल!’ असा. ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री बर्लिनची भिंत उघडली तेव्हा लोकांच्या तोंडी हाच शब्द होता. झी म्हणायच्या माणसासमोर क्रास जिभेवर आला की तो गिळून वानझिन म्हणायचं, एवढी अदलाबदल जमली तरी निम्मं काम झालं.

थोडा सराव

उत्तर झाकून आधी स्वतः ठरवा.

घरातली मैत्रीण म्हणते, प्रबंध जमा केला, तीनशे पानं झाली. उत्तर: ‘क्राऽऽस! हेर्त्सलिशेन ग्लुकवुन्श!’ मागे अभिनंदन आलं की दिशा स्पष्ट.

सहकारी म्हणतो, काल गाडी तीन तास उशिरा होती, रात्री एकला घरी पोचलो. आखूड ‘क्रास’, खालचा सूर, आणि लगेच ‘दू आर्मर’, बिचाऱ्या तू.

नगरपालिकेच्या खिडकीवरच्या बाई सांगतात, पुढची वेळ सात आठवड्यांनी मिळेल. क्रास मनात. तोंडाने: ‘गिब्ट एस फीलाइश्ट आइनन फ्रुअरन टेर्मीन?’ याआधीची एखादी वेळ मिळेल का?

बॉस, ज्याला झी म्हणता, त्याने सांगितलं की मुलीला वैद्यकीय शाखेत प्रवेश मिळाला. ‘दास इस्ट या वुंडरबार!’

मित्राचा मेसेज: घर मिळालं, म्युनिकात, दोन खोल्या, भाडं सतराशे युरो. इथे खरी अडचण आहे, कारण घर मिळालं हे एका अर्थाने क्रास आणि भाडं दुसऱ्या अर्थाने. नुसतं ‘क्रास’ पाठवलंत तर तो विचारेलच, ‘गूट क्रास ओडर श्लेश्ट क्रास?’ चांगलं की वाईट? जर्मन लोकही एकमेकांना हे विचारतात. तेव्हा आधीच लिहा: ‘क्रास, ग्लुकवुन्श! आबर क्रास टॉयर.’